उतरताना गार होतं : हाइट्स कोव्हच्या वाटेवरचा एक रविवार

कॅलिफोर्नियात येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली, पण उन्हाळा लागला की आमच्या मराठी ग्रुपवर दरवर्षी तोच संवाद होतो. कोणीतरी योसेमिटीच्या जवळपासच्या एखाद्या ट्रेलची लिंक टाकतं, कोणीतरी म्हणतं अगं तिकडे ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि मग हमखास एक उत्तर येतं की आपल्याला काय ऊन नवीन आहे का, आपण जळगाव-नागपूरकडची माणसं. हे वाक्य मीही बोललेली आहे. १५ ऑगस्ट २०२१ नंतर मात्र एकदाही बोलले नाही, आणि का नाही ते एकदा नीट सविस्तर लिहायचं राहून गेलं होतं ते आज लिहितेय.

त्या दिवशी रविवार होता. मारिपोसा काउंटीत एक कुटुंब सकाळी फिरायला गेलं. आई, बाबा, एक वर्षाची मुलगी आणि त्यांचा कुत्रा. चौघांपैकी कोणीच परत आलं नाही. त्यांची नावं तेव्हा जगभर छापून आली, मी इथे मुद्दाम देत नाहीये, मागे राहिलेल्या माणसांनी ती अजून किती ठिकाणी वाचायची.

आधी जागा समजून घेऊ, कारण माझ्या मते या प्रकरणात जागेचा आकार हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. हायवे १४० ने योसेमिटीला जाताना रस्ता मर्सेड नदीच्या काठाकाठाने जातो. त्या नदीला दक्षिणेकडून एक फाटा येऊन मिळतो, साउथ फोर्क, आणि त्याच्या दरीत हाइट्स कोव्ह आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे सोन्याची खाण होती, खाणीची वस्ती होती. मार्च-एप्रिलमध्ये हायवेच्या बाजूने जी पायवाट आत जाते तिच्यावर केशरी पॉपीच्या फुलांचा नुसता गालिचा पडलेला असतो, आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा अंगात जॅकेट होती आणि नदीचं पाणी इतकं गार की पाय ठेववत नव्हता. त्यामुळे बातमीत नाव वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा पटेचना की ही तीच दरी.

ते कुटुंब मात्र हायवेच्या बाजूने नाही, वरच्या बाजूने गेलं होतं. वर डोंगरावर गाडी लावायची, हाइट्स कोव्ह रोड नावाच्या कच्च्या रस्त्याने खाली नदीपर्यंत उतरायचं, साधारण साडेतीन किलोमीटर, आणि त्यात उंची जवळजवळ ६०० मीटर कमी होते. मग नदीच्या कडेने तीनेक किलोमीटर चालायचं. आणि मग सॅव्हेज-लंडी नावाच्या नागमोडी पायवाटेने तेवढंच सगळं परत वर चढून गाडीपाशी यायचं. पूर्ण वर्तुळ सुमारे १३ किलोमीटरचं. शेवटच्या चढाचं तोंड दक्षिणेकडे, म्हणजे सकाळपासून ऊन थेट अंगावर. त्यात २०१८ च्या उन्हाळ्यात याच भागात फर्ग्युसन नावाची मोठी आग लागली होती, सुमारे ९७ हजार एकर जंगल जळलं होतं, आणि त्या वाटेवरची सावली देणारी झाडं त्यात गेली. नकाशावर तो भाग नॅशनल फॉरेस्ट म्हणूनच दिसतो. जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर झाडं येतात, पण तिथे उभे होते ते काळे पडलेले बुंधे आणि मधे नुसतं झुडूप.

आता वेळ बघा. तपासात जे बाहेर आलं ते असं. आदल्या दिवशी फोनवरच्या ॲपमध्ये त्यांनी ट्रेल बघून ठेवला होता, म्हणजे अगदीच उठले आणि निघाले असं नाही. सकाळी पावणेआठच्या सुमाराला चालायला लागले. तेव्हा वर, गाडीपाशी, तापमान होतं २३-२४ अंश सेल्सियस. हा आकडा मला सगळ्यात जास्त छळतो. २४ अंश म्हणजे अगदी सुखाची हवा! त्या हवेत बाळाला पाठीवर घेऊन, कुत्र्याला बरोबर घेऊन उताराला लागायला कोणालाही काहीच वाटणार नाही. खाली नदीजवळ पोचेपर्यंत हवा ३३ ते ३७ च्या मधे गेली होती. साडेदहाच्या सुमाराला नदीजवळ काढलेला फोटो हा त्यांच्या फोनमधला शेवटचा. सॅव्हेज-लंडीचा चढ सुरू होतो तिथे तोपर्यंत ३७ ते ३९. आणि दुपारी पाऊणच्या पुढे त्या उघड्या चढावर ४२-४३.

११ वाजून ५६ मिनिटांनी वडिलांनी फोनवरून मेसेज पाठवायचा प्रयत्न केला. आशय असा की मदत करता येईल का, सॅव्हेज-लंडी ट्रेलवर आहोत, हाइट्स कोव्हकडे परत निघालोय, पाणी संपलंय, बाळ बरोबर आहे, उष्णतेने हाल होतायत. तो मेसेज गेलाच नाही कारण तिथे रेंज नव्हती. मग १२:०९ ते १२:३६ या अर्ध्या तासात पाच वेळा फोन लावायचा प्रयत्न झाला, एकही लागला नाही. त्यानंतर फोनवर काही नाही.

सोमवारी १६ तारखेला रात्री ते बेपत्ता असल्याचं कळवलं गेलं, मध्यरात्रीनंतर त्यांची गाडी सापडली, आणि मंगळवारी १७ ला सकाळी शोधपथकाला ते चढावरच सापडले. वडील, बाळ आणि कुत्रा एका जागी, आणि आई तिथून थोडी वर. म्हणजे ती शेवटपर्यंत वर जायचा, मदत आणायचा प्रयत्न करत असावी असं वाटतं. गाडी तिथून अंदाजे अडीच किलोमीटरवर होती. अडीच किलोमीटर!

यानंतर जे झालं ते पण सांगण्यासारखं आहे. दोन महिने कोणालाच खात्री नव्हती की हे कशाने झालं. अंगावर जखम नाही, झटापट नाही, आणि तीन माणसं आणि एक कुत्रा, सगळेच्या सगळे मेलेले, त्यामुळे लोकांनी काय काय म्हणून तर्क लावले. जुन्या खाणीतून विषारी वायू आला असेल, वीज पडली असेल, नदीतल्या शेवाळाचं विष असेल. नदीच्या पाण्यात ॲनाटॉक्सिन नावाचं शेवाळाचं विष सापडलंही, पण ते पाणी ते लोक प्यायले असा पुरावा मिळाला नाही. शेवटी २१ ऑक्टोबरला शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, जाहीर केलं की तिघांचाही मृत्यू हायपरथर्मियाने, म्हणजे शरीराचं तापमान बेसुमार वाढल्यामुळे झाला, आणि बहुधा डिहायड्रेशनही होतं. कुत्र्याचं नक्की सांगता आलं नाही पण तेही उष्णतेमुळेच असावं. तो न गेलेला मेसेज तर त्याहूनही उशिरा, २०२२ मध्ये लोकांसमोर आला, एफबीआयने फोनमधली माहिती काढून दिल्यानंतर.

माझ्या मनात राहिलेली गोष्ट ही आहे की विष, वायू, वीज हे सगळं लोकांना पटत होतं, पण नुसत्या उन्हाने एक अख्खं कुटुंब एका दुपारी जाऊ शकतं हे पटत नव्हतं. मलाही नव्हतं पटत. आपल्याकडे "ऊन लागलं" हा शब्दच आपण किती सहज वापरतो, डोकं दुखतंय, ऊन लागलं असेल, पन्हं पी आणि पड जरा. खिशात कांदा ठेवला की झालं, असं म्हणणारी माणसं माझ्या माहेरी आजही आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरला भर उन्हात मैदानात तासन्‌तास बसलेली माणसं गेली, आणि ती तर डोंगर चढत नव्हती, नुसती बसली होती.

आता माझं म्हणणं. मी सह्याद्रीत कॉलेजपासून फिरलेली आहे, राजगड, तोरणा, कळसूबाई, नेहमीचे सगळे. आणि आपली म्हणजे गडांवर फिरणाऱ्यांची जी काही समज तयार झालेली असते ती एका विशिष्ट आकारावर तयार झालेली असते : आधी चढ, मग उतार. चढताना दम लागला, उन्हाने जीव नकोसा झाला की आपण अर्ध्यावर बसतो, म्हणतो बास झालं, आणि मागे फिरलं की रस्ता उताराचा, तो आपल्याला आपोआप गावात आणून सोडतो. म्हणजे शरीर तक्रार करतं ती वेळेवर करतं, परत फिरणं स्वस्त असतं तेव्हा करतं. दरीत उतरायच्या ट्रेलमध्ये हे बरोबर उलटं होतं. उतरताना सकाळची हवा असते, पाय ताजे असतात, गप्पा चालू असतात, शरीर एका शब्दाने तक्रार करत नाही. ते तक्रार करायला लागतं ती खाली पोचून परतीचा चढ सुरू झाल्यावर, आणि तेव्हा मागे फिरायला मागे काही उरलेलंच नसतं. आपल्याकडे सांदण दरीत किंवा घाटावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर जे जाऊन परत वर आलेत त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. ग्रँड कॅन्यनमध्ये तर हेच रोजचं आहे, म्हणून तिथलं पार्क उन्हाळ्यात स्पष्ट सांगतं की सकाळी १० ते दुपारी ४ खालच्या भागात चालू नका.

आणि उतरलं की हवा पण बदलते. कोरड्या हवेत दर १०० मीटरला साधारण एक अंश धरा. म्हणजे ६०० मीटर खाली गेलात की निव्वळ उंचीमुळेच पाच-सहा अंश वाढले, वर सूर्य चढतोय ते वेगळंच, शिवाय दगड-माती तापून खालून उष्णता येते ती वेगळी. फोनवर जे हवामान आपण बघतो ते बऱ्याचदा जवळच्या गावाचं किंवा वरच्या बाजूचं असतं. दरीच्या तळाचं, दक्षिणेकडच्या उघड्या उतारावरचं, दुपारी बाराचं तापमान सकाळी गाडीपाशी उभं राहून कळत नाही, ते आदल्या रात्री घरी बसूनच काढावं लागतं. म्हणूनच मला वाटतं या प्रकरणातला खरा निर्णय चढावर नाही, पावणेआठ वाजता, २४ अंशात घेतला गेला, आणि तो चुकतोय असं सांगणारं तिथे काहीच नव्हतं.

पाण्याचं बोलू. त्यांच्याजवळ पाठीवरच्या बॅगेत पाण्याची अडीच लिटरची पिशवी होती, ती रिकामी सापडली. पाणी गाळायचं साधन जवळ नव्हतं. हे वाचून बरेच जण म्हणाले की एवढंच पाणी कसं काय नेलं. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं, मग मी कागदावर हिशोब केला. त्या उन्हात चढताना मोठ्या माणसाचा घाम तासाला लिटरभर तरी जातो, जास्तही जातो. चालणं चार-पाच तासांचं, मोठी माणसं दोन, शिवाय बाळ आणि कुत्रा. म्हणजे निदान आठ-दहा लिटर पाणी हवं. एक लिटर म्हणजे एक किलो. दहा किलो पाणी, वर बाळाचं वजन, आणि हे सगळं घेऊन ४० च्या वरच्या उन्हात ६०० मीटर चढायचं. आणि तेवढं पाणी नेलं असतं तरी, पोट तासाला साधारण लिटरभरच पाणी आत घेऊ शकतं, त्याहून जास्त प्यायलं तर डुचमळत राहतं. म्हणजे हा हिशोब "जास्त पाणी न्यायला हवं होतं" इथे सुटतच नाही. त्या दिवशी, त्या वेळेला, तो चढ बाळाला घेऊन चढण्यासारखा नव्हता, कितीही पाणी असतं तरी.

कारण पाणी हे फक्त घामाचं इंधन आहे. चढताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातली पाव-एक हिस्सा कामाला येते, बाकी सगळी अंगात उष्णता म्हणून उरते. एरवी ती हवेत निघून जाते. पण कातडीचं तापमान असतं साधारण ३५, आणि हवा त्याच्या वर गेली की हवाच उलट आपल्याला तापवायला लागते, मग बाहेर जायचा रस्ता एकच उरतो, घाम वाळणं. तो कमी पडला की आतलं तापमान चढत जातं आणि ४० च्या पुढे मेंदू बिघडायला लागतो. कोकणात, मुंबईत वाढलेल्या माणसाचा इथे अजून एक घोटाळा होतो, आपल्याला घाम म्हणजे शर्ट भिजून पाठीला चिकटणं एवढंच माहीत. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत घाम येतो आणि येताक्षणी उडून जातो, अंग कोरडं लागतं, माणूस म्हणतो मला तर घामच नाही येत आहे, छान चाललंय, आणि तोपर्यंत दोन लिटर गेलेले असतात. कपाळावर मिठाचे पांढरे कण हाताला लागले तर समजायचं.

बाळाचं तर लिहवत नाही पण लिहायला हवं, कारण आपल्या ग्रुपमध्ये पाठीवरच्या कॅरियरमध्ये मुलं घालून ट्रेक करणारे खूप आहेत, मी पण केलंय. एवढ्या लहान मुलाचं वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे गरम हवेत ते मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, घामाची यंत्रणा अजून कच्ची, आणि कॅरियरमध्ये ते तापलेल्या आई-बापाच्या अंगाला चिकटून, कापडात गुंडाळलेलं. ते सांगू शकत नाही. ते शांत झालं की आपल्याला वाटतं झोपलं बिचारं. उन्हात चालताना शांत झालेलं बाळ हलवून जागं करून बघायचं, डायपर किती वेळ कोरडा आहे ते बघायचं. आणि माझं स्पष्ट मत, ३० च्या वर जाणार असेल तर बाळाला घेऊन चढाचा ट्रेल करायचाच नाही, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. कुत्र्याचंही तसंच, त्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच काय ती उष्णता जाते, आणि तापलेल्या जमिनीवर त्याचे पंजे अक्षरशः भाजतात.

आता ते "आम्हाला सवय आहे". उन्हाची सवय ही खरी गोष्ट आहे, शरीर खरंच बदलतं, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्ताचं प्रमाण वाढतं. पण त्याला रोज उन्हात थोडी थोडी मेहनत करत एक ते दोन आठवडे लागतात आणि उन्हातून बाहेर पडलं की काही आठवड्यांत ती उतरते. लहानपणी जळगावला काढलेले उन्हाळे आज सनीव्हेलच्या एसी ऑफिसात बसणाऱ्या माणसाच्या अंगात शिल्लक नसतात. देशातून मे-जूनमध्ये आलेले आई-बाबा, ते तर म्हणतात आम्ही काल-परवाच ४० मधून आलो, पण त्यांचं वय, लांबचा प्रवास, नीट न झालेली झोप, आणि बीपीची गोळी. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, दोन्ही प्रकार उन्हात घात करू शकतात. डॉक्टरांना आधी विचारून घ्या, गोळी मनाने बंद करू नका.

मी या प्रकरणात पुन्हा पुन्हा नदीपाशी जाऊन थांबते. साडेदहा वाजता ते नदीजवळ होते. तिथे पाणी होतं, निदान अंग, कपडे, डोकं भिजवायला तरी होतं, आणि पुढे काय आहे ते नकाशावर दिसत होतं. तिथे बसून राहिले असते, संध्याकाळपर्यंत, अगदी रात्रीपर्यंत. आता हे मी इथे पंख्याखाली बसून लिहितेय आणि ते तिथे होते, त्यांनी काय विचार केला हे कोणालाच कळणार नाही, त्यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. पण मी स्वतः त्या जागी असते तर बसले असते का? नसते बसले. "आता एवढं आलोच आहोत तर" हे आपलं ट्रेकमधलं सगळ्यात आवडतं वाक्य आहे. त्यात लूप, म्हणजे वर्तुळाची वाट, असला की परत त्याच वाटेने जायला जिवावर येतं, आणि दुपारचं जेवण, बाळाची झोपायची वेळ, उद्याचं ऑफिस सगळं डोक्यात असतं. शिवाय उष्णता चढली की सगळ्यात आधी जातो तो विचारच, माणूस हट्टी होतो, चिडतो, चालत राहतो. म्हणून मागे फिरायची वेळ उन्हात ठरवायची नाही, ती आधी ठरवून कोणाला तरी सांगून ठेवायची, साडेआठ वाजता जिथे असू तिथून मागे, बास.

भिजायचं म्हणताना एक सांगून ठेवते. हिरवा तवंग किंवा शेवाळाचे पुंजके असलेल्या पाण्यापासून लांबच राहायचं, त्यातलं विष गाळून किंवा उकळून जात नाही. पण वाहतं स्वच्छ दिसणारं पाणी असेल आणि गाळणी नसेल तर तहानेने, उन्हाने कोसळण्यापेक्षा ते प्यायलेलं बरं, पोट बिघडलं तर त्यावर नंतर उपाय आहे. टोपी, शर्ट, मानेभोवतीचा पंचा सतत ओला ठेवायचा, कोरड्या हवेत हा फार चांगला उपाय आहे आणि त्याला सुती कापड बरं. नुसतं पाणीही ढोसत राहायचं नाही. तासन्‌तास घाम गाळून वर फक्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्यातही डोकेदुखी, उलटी, बरळणं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं हे उन्हाचंच, अजून पाणी पाजा. खारे दाणे, चिवडा, मीठ घातलेलं पन्हं, काहीही चालेल. आम्ही भारतातून येताना इलेक्ट्रलच्या पुड्या आणतो, एक मोठी पुडी एका लिटरमध्ये, कमी पाण्यात घट्ट करून नाही.

आणि कोणाला खरंच ऊन लागलंच तर. चालताना झोकांड्या जायला लागल्या, विचारलेल्याचं उत्तर भलतंच आलं, उगाच भांडायला लागला, तर तो उष्माघात समजायचा आणि वाट बघायची नाही. घाम थांबला तरच उष्माघात हा गैरसमज आहे, चालून-चढून होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत पण असू शकतो. ९११ ला, भारतात ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा, आणि लागो न लागो गार करायला सुरुवात करायची. आधी गार करायचं, हलवायचं नंतर. सावलीत, नसेल तर चादर धरून सावली करायची, कपडे काढायचे, ओढा असेल तर डोकं हातात धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवायचं, नसेल तर जवळ असेल नसेल ते पाणी अंगावर ओतून जोरात वारा घालायचा. पॅरासिटामॉल द्यायची नाही, हा ताप तो ताप नाही. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं.

फोनबद्दल. २०२१ मध्ये साध्या फोनमध्ये सॅटेलाइटची सोय नव्हती. २०२२ च्या शेवटापासून नवीन आयफोनमध्ये इथे अमेरिकेत ती आली, रेंज नसताना आकाशाकडे धरून मदतीचा मेसेज जातो, घरून निघायच्या आधी ते कसं वापरायचं याचा डेमो फोनमध्येच आहे तो एकदा करून बघा. सॅटेलाइट मेसेंजर वेगळा पण मिळतो. फक्त तो घेऊन भारतात जाऊ नका, तिकडे परवान्याशिवाय असली उपकरणं बाळगणं बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर पकडलेत लोकांना. आणि सगळ्यात साधं, कुठे चाललोय, कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, हे एका माणसाला लिहून देणं. या प्रकरणात शोध सुरू व्हायला रविवारची दुपार, रात्र आणि सोमवारचा अख्खा दिवस गेला. आमच्याकडे आता शेजारच्या काकूंना पाठवतो, त्या मनापासून वाट बघतात आणि पाच मिनिटं उशीर झाला की फोन करतात.

गेल्या जुलैमध्ये आम्ही तीन कुटुंबं असाच एक दरीत उतरायचा ट्रेल करायला गेलो होतो. मी आदल्या रात्री तळाचं तासातासाचं तापमान बघून ठेवलं होतं आणि सगळ्यांना सांगितलं होतं की साडेआठला मागे फिरायचं. साडेपाचला अंधुक असतानाच उतरायला लागलो. साडेआठला ओढ्यापाशी होतो, हवा सुंदर होती, ओढ्याच्या पलीकडे अर्ध्या तासावर धबधबा होता, आणि दोघा-तिघांचा चेहरा पडला, एक जण म्हणाला वहिनी, एवढं आलोच आहोत तर. मी काही वाद घातला नाही, मुलांच्या टोप्या ओढ्यात बुडवून त्यांच्या डोक्यावर घातल्या आणि वर चालायला लागले. जरा वेळाने बाकीचे पण मागून आले, दहाच्या आत गाडीपाशी होतो. साडेबारा वाजता घरी येताना गाडीने बाहेरचं तापमान १०४ फॅरनहाइट दाखवलं, म्हणजे ४०, आणि मागच्या सीटवर दोन्ही पोरं तोंडं उघडी टाकून गाढ झोपली होती. तरी मी एकदा हात मागे नेऊन दोघांनाही हलवून बघितलं.